गंजलेला बोल्ट आणि घाईचा हिसका

पावसाळा संपून दिवाळी तोंडावर आली की घराबाहेरच्या लोखंडाकडे लक्ष जाते. फाटकाची बिजागरी कुरकुरत असते, खिडकीच्या ग्रिलचा एक कोपरा सुटलेला असतो, गच्चीवरच्या डिश अँटेनाचा पाय हलत असतो. काम तसे किरकोळ असते. चार बोल्ट काढायचे, चार नवे घालायचे. पण पहिल्याच बोल्टला पाना लावला की तो जागचा हलत नाही. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर वाढवला जातो आणि बोल्टचे डोके तुटून हातात येते. नाहीतर पाना निसटतो आणि बोटांची सालटी निघतात.

हा बोल्ट इतका घट्ट बसतो कशाने? लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो, हे शाळेत शिकलेले असते. त्यातली विसरली जाणारी गोष्ट म्हणजे गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. लोखंडाच्या ऑक्साइडचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक असते आणि पाणी धरून ठेवणाऱ्या गंजाचे त्याहूनही जास्त. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मात्र केसाएवढीच फट असते. तिथे फुगलेला गंज पाचरीसारखा ठासून बसतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात हीच पाचर मोठ्या प्रमाणावर दिसली. 1886 साली उभारलेल्या या पुतळ्याच्या तांब्याच्या पत्र्याला आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. त्या पट्ट्या गंजून इतक्या फुगल्या की पत्र्यातले रिव्हेट उपटून निघाले. 1986 मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टील बसवावे लागले.

आपल्या किनारपट्टीवर यात मिठाची भर पडते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण लोखंडावर बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओला ठेवतात. खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, त्यामुळे गंजण्याची क्रिया वेग घेते. म्हणूनच उघड्यावरच्या, पावसाने धुऊन निघणाऱ्या बोल्टपेक्षा पागोळीच्या आड, आडोशाला असलेला बोल्ट बऱ्याचदा अधिक गंजतो. त्याच्यावरचे मीठ कधी धुतलेच जात नाही.

पाइप लावून जोर करण्यात नेमके काय चुकते, हे साध्या गणिताने कळते. पिळाला तोंड देण्याची दांड्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. 8 मिलिमीटरचा बोल्ट गंजून 6 मिलिमीटरचा झाला, तर त्याची ताकद निम्म्याहूनही कमी, साधारण 42 टक्के उरते. दुसरीकडे दांडा दुप्पट लांब केला की पीळ दुप्पट होतो. बोल्ट तुटला नाही तरच नवल!

यावरचा उपाय तेल आणि वेळ हाच आहे, आणि त्यातही वेळ अधिक महत्त्वाचा. ज्या केशाकर्षणाने पावसाचे पाणी आट्यांमध्ये शिरले, त्याच केशाकर्षणाने पातळ तेलही आत जाते. त्यासाठी तेल खरोखर पातळ हवे. ग्रीस किंवा घरातले खोबरेल तेल इथे उपयोगाचे नाही. खोबरेल तर 24 अंशांच्या आसपास थिजायला लागते. बाजारात मिळणारे, आत झिरपणारे तेल सर्वांत बरे. बहुतेकांना ठाऊक असलेला ‘डब्ल्यूडी-40’ हा फवारा मुळात गंज सोडवण्यासाठी बनलेलाच नव्हता. 1953 साली अमेरिकेतील सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तो तयार केला. चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण म्हणून नावात 40. हलक्या गंजाला तो चालतो. जुनाट बोल्टसाठी खास त्या कामाचे तेल घ्यावे.

तेलाआधी तारेच्या ब्रशने सुटा गंज आणि रंगाचे थर काढावे लागतात. नट रंगाने लिंपलेला असेल तर तेल आत जाणार कुठून? मग नटाच्या दोन्ही बाजूंनी तेल सोडायचे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. ठोक्यांनी ठिसूळ गंजाला बारीक चिरा पडतात, त्यांतून तेलाला वाट मिळते. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. पाना सहाही बाजूंनी नीट बसणारा रिंग पाना असावा. सैल पान्याने नटाचे कोपरे घासून गोल झाले की काम दुप्पट वाढते. पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने न देता किंचित आवळण्याच्या दिशेने द्यावा. तिथे गंजाची पकड तुटली की मग उलटे फिरवायचे. पाव फेरा मागे, थोडे पुढे, पुन्हा मागे. एका दमात सोडवायला गेले की निघालेला गंज पुढच्या आट्यात अडकतो आणि अर्ध्यावर आलेला नट तिथेच रुततो.

गॅरेजमध्ये नट तापवून बोल्ट काढतात. 10 मिलिमीटरचे पोलादी भोक 200 अंशांनी तापवले तर जेमतेम 24 मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याने मोठे होते. गंजाची पकड सुटायला तेवढे अनेकदा पुरते. पण घरी हे करू नये. तेल मारलेल्या जागी ज्योत लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट लालबुंद तापवला तर जस्त ऑक्साइडचा पांढरा धूर निघतो. तो नाकात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि माणसाला वाटते, मलेरिया झाला. जुन्या रंगाचाही असाच धोका. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग जाळू नये आणि कोरडा घासूही नये. पाणी मारून ओला खरवडावा, मुलांना लांब ठेवावे.

बाथरूम साफ करण्याचे ॲसिड ओतण्याचा शॉर्टकटही वाईट. ते चांगले लोखंडही खाते, त्याच्या वाफेने छाती भरते आणि जवळ ब्लीचिंग पावडर असेल तर विषारी क्लोरीन तयार होतो.

डोळ्यांचा विचार मात्र फारसे कुणी करत नाही. हातोडी किंवा ग्राइंडर चालवताना उडालेला लोखंडाचा कण बुबुळावर रुतला, तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे वर्तुळ उमटू लागते. डोळा चोळू नये, कण चिमट्याने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कण डोळ्याच्या आत राहिला तर लोखंड हळूहळू दृष्टिपटल निकामी करते. रोजचा चष्मा यात पुरेसा नाही, बाजूने बंद असणारा गॉगल हवा.

आणि धनुर्वात. गंजामुळे धनुर्वात होतो, हा समज जितका जुना तितकाच चुकीचा. रोग होतो तो ‘क्लॉस्ट्रिडियम टेटनी’ या जिवाणूमुळे. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते आणि खोल, अरुंद जखम ती पुरवते. स्वच्छ गंजापेक्षा चकचकीत पण मातीत पडलेला खिळा अधिक धोक्याचा. फाटकाचा किंवा कुंपणाचा बोल्ट मात्र गंजलेलाही असतो आणि मातीतलाही.

जखम झाल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. हळद, चुना, माती काही लावू नये. जखम खोल किंवा मळकी असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर लस पुन्हा घ्यावी लागते. स्वच्छ, लहान जखमेला ही मर्यादा दहा वर्षांची. लहानपणचे डोस पूर्ण झालेत की नाही हेच ठाऊक नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागू शकते. लक्षणे साधारण तीन ते एकवीस दिवसांत दिसतात, त्यामुळे ‘आठवडा झाला, काही झाले नाही’ हा दिलासा खोटा. आपल्याकडे महिलांना गरोदरपणात ही लस मिळते. घरातली लोखंडी कामे अंगावर घेणाऱ्या पुरुषांचा शेवटचा डोस मात्र शाळेतला असण्याचीच शक्यता जास्त.

काही बोल्ट सोडवण्याच्या फंदातच पडू नये. झोपाळ्याची कडी, एसीच्या बाहेरच्या युनिटचा आधार, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, असे वजन पेलणारे बोल्ट गंजलेले दिसले तर आधी वजनाला दुसरा आधार द्यावा, मग ते सरळ कापून काढावेत. वरच्या मजल्यावर खिडकीतून वाकून हे करण्यापेक्षा पट्टा बांधून काम करणारा कारागीर बोलवावा.

नवा बोल्ट घेताना समुद्राजवळ 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे; 304 वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या खिडकीत लोखंडी स्क्रू घालू नयेत, खारट ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना बाधतात आणि स्क्रू कायमचा बसतो. स्टेनलेसचाही एक हट्ट असतो: कोरडा नट भराभर आवळला तर आटे घासून एकमेकांत रुततात आणि गंजाचा ठिपकाही नसताना नट अडकतो. आट्यांना थोडे ग्रीस लावून, सावकाश, हाताने फिरवत बसवला की पाच वर्षांनी तोच नट साध्या पान्याने निघतो.