जुनी गाडी घेताय? आधी चेसिस नंबर तपासा

सानपाड्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. जपानच्या ताकाता कंपनीच्या अनेक एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले होते, पण ओलावा शोषणारा पदार्थ घातला नव्हता. वर्षानुवर्षे उष्ण, दमट हवा लागून हे रसायन बिघडते. मग अपघातात एअरबॅग फुगवणारी धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे प्रवाशांवर उडतात. भारतात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये अशा एअरबॅग बदलण्यासाठी २०१२ साली बनलेल्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड मिळून ४१,५८० गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती मोफत होती.

मात्र गाडी हातोहात विकली गेली, तर कंपनीचा निरोप जुन्याच मालकाकडे जाऊ शकतो. म्हणून आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. विकणाऱ्यानेही ऐब लपवू नये. त्या सीटवर उद्या कुणाची तरी अम्मी बसणार आहे.