मराबी : पोटासाठी जन्मलेले संगीत

कला निवांतपणातून जन्मते, असे मला पांढरपेशा प्राध्यापकांनी शिकवले. जोहान्सबर्गच्या मराबी संगीताने हा समज मोडला. १९२०-३० च्या दशकांत तिथल्या काळ्या वस्त्यांतील बाया चोरून बिअर बनवून विकीत. कायद्याने तो गुन्हा. पण त्यावर घर चाले. गिऱ्हाईक रमावे म्हणून पायपेटी वाजे, डब्यात खडे घालून ताल धरला जाई. यातूनच पुढे तिथला जाझ वाढला.

सोफियाटाउनमध्ये तो बहरला. तिथे काळ्यांना स्वतःच्या मालकीची जमीन घेता येत असे. ९ फेब्रुवारी १९५५ ला सशस्त्र पोलीस आले, माणसे मेडोलँड्सला हलवली गेली. त्या जागी गोऱ्यांची वस्ती उठली : 'ट्रायोम्फ', म्हणजे विजय! २००६ मध्ये जुने नाव परत आले. पाडलेली घरे नाही.

मराबी ऐकताना मला आधी त्या बाया दिसतात. संगीताच्या इतिहासात त्यांची नोंद कोण करणार?