पियानोसाठी पहिला की-बोर्ड घेताना

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की ‘आई, मला पियानो शिकायचाय’ असा हट्ट हल्ली आपल्या जालन्यातल्या घरांतूनही ऐकू येतो. खरा पियानो पैशानं नि जागेनंही झेपत नाही, म्हणून आपण की-बोर्ड घ्यायला निघतो. दुकानदार शेकडो आवाज, तयार ताल, चमचमते दिवे दाखवतो आणि आपण भुलतो. पुढे चार महिन्यांत वाजवणं थांबतं. मग घरातली मोठी माणसं निकाल देऊन मोकळी होतात, “हिच्या हातात कलाच नाही!” पुष्कळदा दोष मुलीचा नसतो हो, वाद्याचा असतो.

पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. हळू दाबली तर सूर नाजूक, जोरात दाबली तर ठसठशीत. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीत क्रिस्तोफोरीनं हे वाद्य घडवलं, त्याचं वैशिष्ट्य हेच. ‘पियानोफोर्ते’ या नावातच ‘हळू’ नि ‘मोठ्यानं’ हे दोन्ही शब्द आहेत. भजनी मंडळाच्या पेटीत आवाज भात्यावर कमी-जास्त होतो. डावा हात भात्यावर, वाजवतो तो उजवा. पियानोला मात्र दोन्ही हात लागतात. म्हणून घरात पेटी असली तरी तेवढ्यानं भागत नाही.

तेव्हा दुकानात तीन गोष्टी स्वतः तपासा. पहिली, पट्ट्या किती? पियानोला ८८ असतात. सुरुवातीला ६१, म्हणजे पाच सप्तकं, पुरेत. दुसरी, पट्टीची रुंदी. शिवणाची टेप पर्समध्ये न्याच! ओळीनं सात पांढऱ्या पट्ट्या साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरायला हव्यात. फार कमी भरल्या तर ते खेळणं समजा; त्यावर बसलेली बोटांची सवय पियानोवर मोडावी लागते. तिसरी, आवाज कमी न करता तीच पट्टी आधी हलकेच, मग जोरात दाबा. आवाजात फरक पडत नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

पायाच्या पेडलची नि हेडफोनची सोय आहे का तेही पाहा. शेजारी बारावीचा अभ्यास चालू असला, तर हेडफोन हवाच. अॅडॉप्टर कंपनीनं सांगितलेलाच वापरा. आपल्याकडे धूळ फार, म्हणून जुन्या सुती साडीचं आच्छादन शिवा. की-बोर्ड पेटीसारखा जमिनीवर नको. न डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवा. मुलीचं कोपर पट्ट्यांच्या उंचीला येईल अशी बैठक करा.

एवढं झालं की रोजची वीस मिनिटं तिची. आणि निदान वर्षभर तरी, पाहुण्यांसमोर “वाजवून दाखव गं” म्हणू नका!