किती खाटा आहेत तुमच्या दवाखान्यात?

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गावाहून भंडाऱ्याला आला, तो हातात एक गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊनच. पुतणी बारावी विज्ञान झालेली. नर्स व्हायचे, हे तिने नववीपासून धरून ठेवलेले. पुस्तिकेवर पांढऱ्या गणवेशातल्या हसऱ्या मुली, मागे काचांची इमारत आणि शेवटच्या पानावर शुल्क : वर्षाला १ लाख ४० हजार रुपये. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे. वसतिगृह आणि खानावळीचे ७० हजार वेगळे. चहाचा कप खाली ठेवत भाऊ म्हणाला, "दादा, नाल्याकडली बांधी विकून टाकतो म्हणतो."

धानाची बांधी एकदा गेली की पुन्हा घरात येत नाही, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आणि मुलगी शिकायचे म्हणते तेव्हा बाप तिला नाही तरी कसे म्हणणार? मी निवृत्त शिक्षक. घरातला शिकलेला म्हणून सल्ला माझ्याकडे मागितला गेला. खरे सांगायचे तर या विषयातले मला काडीचेही कळत नव्हते. मग पाटी-पेन्सिल घेऊन बसलो.

चार वर्षांचे ८ लाख ४० हजार झाले. गणवेश, पुस्तके, परीक्षा, येणे-जाणे निराळे. आता कमाईची बाजू. लहान खासगी दवाखान्यांत काम करणाऱ्या ओळखीच्या तिघी मुलींना विचारले. सुरुवातीचा पगार कुणाचा १२ हजार, कुणाचा १५. पोट मारून महिन्याला ७ हजार शिल्लक टाकले, तरी नुसते मुद्दल फिटायला दहा वर्षे! पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २० हजार मिळावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ सालीच केली होती. शिफारस कागदावर आणि मुली १२ हजारांवर.

सरकारी नोकरीचे चित्र वेगळे. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात अधिपरिचारिकेचे मूळ वेतनच ३५ हजार ४०० रुपयांपासून सुरू होते. पण त्या भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. झालेली मुलगी आणि तीन वर्षांचा जी.एन.एम. पदविका अभ्यासक्रम केलेली मुलगी एकाच रांगेत बसतात. तिथे कुणी काचेच्या इमारतीचे गुण देत नाही. पुढे एम.एस्सी. करायची, शिकवायचे किंवा परदेशी जायचे असेल तर पदवीचा उपयोग मोठा, हे खरे. पण जी.एन.एम.नंतरही दोन वर्षांत पदवी घेता येते, हे पुस्तिकेत कुठेच लिहिलेले नव्हते.

तरीही मुलीचे मन मोडू नये म्हणून आम्ही तिघे ती संस्था पाहायला गेलो. वर्ग वातानुकूलित, संगणक नवे, प्रयोगशाळेत प्लास्टिकचा रुग्ण झोपलेला. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय पाहू म्हटले, तर दुसऱ्या मजल्यावर नेले. खाटा ओळीने मांडलेल्या, चादरी कडक इस्त्रीच्या. रुग्ण मोजले : सात. बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. पुतणीने तिला हळूच विचारले, "ताई, बाळंतपणं किती केली तुम्ही?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "पाहिली चार. केलं एकही नाही."

परतताना एसटीत कुणीच बोलले नाही.

मग एका निवृत्त मेट्रनबाईंनी डोळे उघडले. त्या म्हणाल्या, "सर, नर्स वर्गात घडत नाही, वॉर्डात घडते. आधी खाटा विचारा, मग फी." भारतीय परिचर्या परिषदेचे निकषही तेच सांगतात : एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक. संस्थेला परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे त्यांच्या याद्यांवर आपण स्वतः पाहायचे. संस्थेच्या भिंतीवरच्या चौकटीवर विश्वास ठेवायचा नाही. मूळ प्रमाणपत्रे गहाण पडतील अशा कुठल्याही कागदावर सही करायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रवेश कुठल्या वाटेने मिळतो ते पाहायचे. बी.एस्सी. नर्सिंगला आता राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क माफ होते. व्यवस्थापन कोट्यातून गेले की ही सवलत नाही. त्या पुस्तिकेतली जागा नेमकी व्यवस्थापन कोट्यातली होती.

भंडाऱ्याच्या माणसाला हे सगळे नुसत्या हिशेबाचे वाटत नाही. ९ जानेवारी २०२१ची ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. त्यानंतर यंत्रणेवर, इमारतीवर, यंत्रांवर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मनात मात्र एवढेच राहिले की, रात्री दोन वाजता आपल्या लेकराच्या आणि मृत्यूच्या मध्ये उभी असते ती एक परिचारिका. तिचे शिक्षण विकत घेतलेला कागद असून चालत नाही. माझ्या भावाची बांधी जाईल, ते त्याचे नुकसान. पण न शिकता नर्स झालेली मुलगी ज्या खाटेपाशी उभी राहील, त्या खाटेवरच्या माणसाचे काय?

म्हणून महाग शाळा वाईटच, असे मी म्हणणार नाही. जिचे रुग्णालय खरोखर भरलेले आहे, जिथे मुली हाताने काम शिकतात, तिथे कर्ज काढूनही घालावे. पण पैसे वॉर्डासाठी मोजावेत, काचांसाठी नाही.

पुतणीने सीईटी दिली. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचे नाव यादीत पहिले टाकले होते. तिथे नंबर लागला नाही. दोन दिवस जेवली नाही. मग एका शासकीय रुग्णालयाला जोडलेल्या प्रशिक्षण केंद्रात जी.एन.एम.ला प्रवेश मिळाला. इमारत जुनी, वसतिगृहात एका खोलीत सहा मुली, पाण्याची ओरड. भावाच्या मनात अजूनही रुखरुख आहे की, आपण पोरीसाठी कमी पडलो का.

परवा तिचा फोन आला. पाय दुखत होते, आवाजात मात्र उत्साह मावत नव्हता. म्हणाली, "मोठेबाबा, आज माझ्या वाट्याला पाच खाटा होत्या. पाचही भरलेल्या!"