गावचे आरोग्य केंद्र आणि दाताचा डॉक्टर

आपले सभासद लालबाग, परळ, नायगाव, दादर आणि गिरगाव या भागांत राहात असले तरी बहुतेकांचे गाव रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग किंवा सातारा जिल्ह्यात आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून मुंबईकर मंडळे गावी शाळेची खोली, विहीर, पाखाडी यांसाठी वर्गणी पाठवीत आली. पुढे त्यात आरोग्य शिबिराची भर पडली आणि शिबिर म्हटले की दंततपासणी हमखास आलीच. या लेखात आम्हांला एकच गोष्ट मांडावयाची आहे. एका दिवसाच्या शिबिराने गावाला दंतसेवा मिळत नाही. ती गावच्या आरोग्य केंद्राला जोडली पाहिजे. हे करणे आपल्यासारख्या मंडळांच्या आवाक्यातले आहे.

प्रथम आरोग्य केंद्राची रचना समजून घेऊ. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला आणि १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक केंद्र, त्याखाली पाच किंवा तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतो, परिचारिका व आरोग्यसेविका असतात, बाळंतपण होते, लसी मिळतात. दंतवैद्य मात्र सर्वसाधारणपणे तेथे नसतो. तो वरच्या पायरीवर, म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असतो. दाढ ठणकू लागली की वाडीवरच्या माणसाला मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे मोडून तालुक्याला जावे लागते. मग तो जात नाही. लवंग ठेवतो, दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो आणि गाल सुजेपर्यंत थांबतो. ज्या किडीला अर्ध्या तासात बुजवता आले असते, तिच्यापायी शेवटी दाढच काढावी लागते.

शिबिरात काय होते ते अनेकांनी पाहिले असेल. शाळेच्या वर्गात बाके मांडतात, मुंबईहून आलेले डॉक्टर दोनशे-तीनशे तोंडे पाहतात, टूथपेस्टच्या नळ्या वाटल्या जातात, फोटो निघतो. काही ठिकाणी हलणारे दात तेथेच काढतात. ज्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे किंवा जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, त्याचा दात घाईत काढणे धोक्याचे असते. रात्री रक्त थांबले नाही तर डॉक्टर तेव्हा परतीच्या गाडीत असतात. हत्यारांचाही प्रश्न आहे. एकाच्या तोंडातून निघालेली पक्कड नुसत्या उकळत्या पाण्यातून काढून दुसऱ्याला वापरली, तर कावीळ बी सारख्या रोगाचा धोका राहतो. त्यासाठी दाबाच्या वाफेचे निर्जंतुकीकरण लागते, आणि ते यंत्र आरोग्य केंद्रात बाळंतपणाच्या साहित्यासाठी असतेच! शाळेचा वर्ग सोडून केंद्राच्या खोलीत बसण्याचे एवढे एक कारणही पुरे आहे.

परंतु आम्हांला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गावाकडे तवावर तंबाखू भाजून केलेली मशेरी आजही अनेक घरांत आहे. आया-बहिणी तिने सकाळ-संध्याकाळ दात घासतात. काही तर दिवसातून चार-पाच वेळा तोंडात धरतात. हे व्यसन आहे असे कोणी मानीत नाही, कारण ते दात घासण्याच्या नावाखाली चालते. तरुणांत गुटखा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली त्यावर बंदी आली, तरी पुडी मिळतेच, आणि सुपारीने तोंडाचे आतले अस्तर ताठ होत जाते. तोंडात आपली तीन बोटे उभी मावेनाशी झाली, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. या अवस्थेत दुखत नाही, हाच मोठा घात आहे. दुखू लागल्यावर माणूस निघतो आणि आपल्या परळला, १९४१ पासून चालू असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात येतो. त्यांतील कित्येकांचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतो. गावी चट्टा वेळीच ओळखला गेला असता तर यांतील बऱ्याच जणांचा जबडा वाचला असता.

तो चट्टा ओळखण्यास दंतवैद्यच लागतो असे नाही. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातील नामवंत शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात खाडीपलीकडील मांडवा परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. क्षय, कुष्ठरोग यांसारखे आजार ओळखण्याचे आणि औषध चालू ठेवण्याचे काम त्यांनी उत्तम केले. स्थानिक हितसंबंधांच्या विरोधामुळे तो प्रकल्प पुढे गुंडाळावा लागला, हेही सांगितले पाहिजे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच मार्ग धरला व तो टिकला. आता आशा कार्यकर्ती गावोगाव आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म ती भरते, त्यात तंबाखूविषयी आणि तोंडातील चट्टा, जखम, तोंड उघडण्यातील अडचण यांविषयी प्रश्न आहेत. फॉर्म भरला जातो, पण टॉर्च लावून तोंडात पाहण्याचा सराव तिला कोणी द्यायचा? हे काम मुंबईचा दंतवैद्य एका दुपारी करू शकतो, आणि त्या दुपारचे मोल तीनशे दात तपासण्याहून अधिक आहे.

उपचाराचेही तसेच. खुर्ची, वीज आणि फिरते ड्रिल नसेल तर दात भरता येत नाही, असा समज आहे. आफ्रिकेतील टांझानियात १९८० च्या दशकात एक पद्धत बसवली गेली. तीत हातातल्या छोट्या हत्यारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढतात व ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली तिचा पुरस्कार केला. २०२१ साली हे सिमेंट, फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट आणि कीड थोपविणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड या तिन्हींना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान मिळाले. शेवटच्या द्रवाने किडलेला भाग काळा पडतो. ते पालकांना आधी सांगावे, नाही तर गावभर बोभाटा होतो.

आता प्रत्यक्ष काय करावे? गावी जाण्यापूर्वी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र लिहावे व त्यांच्या सोयीचा वार ठरवावा. वर्गणीतून मंडप व हार घेण्याऐवजी केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे पावती घेऊन हत्यारांचे संच व सिमेंट द्यावे. डॉक्टर नोंदणीकृतच असावेत. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याप्रमाणे इतरांना हे काम करता येत नाही. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचे आणि सी.एस.एम.टी. जवळचे शासकीय दंत महाविद्यालय १९४५ सालचे. आपली मुले-मुली आज अशा महाविद्यालयांत शिकतात व शेवटच्या वर्षी इंटर्नशिपमध्ये त्यांना ग्रामीण सेवेचेही काम असते. त्यांनी वरिष्ठांसह आपल्याच तालुक्यात जावे, असे आम्ही सुचवितो. ज्यांना पुढचे उपचार हवेत त्यांना नावानिशी चिठ्ठी देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, हे गावी अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

आणि एकदा जाऊन थांबू नये. चाकरमानी मे महिन्यात जातो व गणपतीलाही जातो. मे महिन्यात पाहिलेल्यांची वही केंद्रात ठेवावी आणि भाद्रपदात तीच वही उघडून, चिठ्ठी घेतलेले कोण गेले, कोण राहिले, ते एकेकाच्या घरी जाऊन विचारावे.