हिसाबाची दुसरी प्रत : डिस्कची नक्कल करणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

आपल्या भागातील बहुतेक कापड दुकानांत आता लाल वहीच्या जागी संगणक आला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी तोवर टाळले होते त्यांनाही बिलाचे सॉफ्टवेअर घ्यावे लागले. दुधनी तर हद्दीवरचे गाव. आळंद-अफझलपूरकडचा व्यापारी आमच्याकडून नोंदणीवर माल उचलतो तेव्हा बिलात आयजीएसटी लागतो. अक्कलकोटच्या व्यापाऱ्याच्या बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो. हा सारा हिसाब हाताने ठेवणे आता जमणारे नाही. परंतु लाल वहीला एक गुण होता. ती एका रात्रीत कोरी होत नसे. हार्ड डिस्क होते.

आमची डिस्क २०१८ च्या मार्चअखेर गेली. सकाळी संगणक चालू केला, आतून टकटक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. आम्ही घाबरलो नाही, कारण कपाटात सीडी होत्या. दर महिन्याला दुकानातला मुलगा एक सीडी लिहून, वर तारीख घालून ठेवत असे. नवीन संगणक आणला, एका जाणकाराला बोलावले. त्याने पहिली सीडी उघडली, दुसरी उघडली, मग आमच्याकडे पाहून विचारले, "चाचा, यात हिसाब कुठे आहे?" प्रत्येक सीडीवर एकच फाइल होती, दोन केबीची. पोराने पडद्यावरचे लहान चित्र उचलून सीडीवर टाकले होते. त्याला शॉर्टकट म्हणतात. ती नुसती दुकानावरची पाटी, आत दुकान नाही. त्या मुलाला आम्ही काही बोललो नाही. इतक्या महिन्यांत एकही सीडी आम्ही स्वतः उघडून पाहिली नव्हती, तेव्हा बोलायचे कोणत्या तोंडाने?

पुढचे दोन महिने आम्ही हिसाब पुन्हा उभा केला. खरेदीची बाजू बरीचशी सापडली, कारण सोलापूर, इचलकरंजी, सुरतच्या व्यापाऱ्यांनी भरलेल्या विवरणावरून आमची खरेदी जीएसटीच्या पोर्टलवर दिसत होती. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्रीही आमच्या भरलेल्या विवरणात बिलवार होती. किरकोळ विक्रीची मात्र तिथे फक्त एकूण रक्कम असते. आणि उधारी? सरकारच्या पोर्टलला आपली उधारी ठाऊकच नसते. कोणी लग्नाच्या बस्त्याचे अर्धे पैसे तूर विकल्यावर देतो म्हणाला, हे फक्त आमच्या डिस्कवर लिहिलेले होते. बरीच गिऱ्हाइके आपापली डायरी घेऊन आली आणि स्वतःहून आकडा सांगून गेली. त्यांचे आम्ही आजही नाव काढतो. काही खाती मात्र शेवटपर्यंत जुळली नाहीत. उलट काहींनी आमच्याकडे आगाऊ जमा ठेवले होते, ते कोणाचे किती, हा प्रश्न आम्हाला जास्त त्रास देऊन गेला. दुसऱ्याची अमानत विसरण्यापेक्षा आपली उधारी बुडालेली बरी.

त्यानंतर आम्ही या विषयात जे शिकलो ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत. आम्ही संगणकाचे पंडित नाही. उर्दू शाळेत शिकलेला माणूस, इंग्रजी मेनू वाचायला उशिरा शिकला. म्हणून गोष्ट आपल्या भाषेत सांगतो.

प्रथम हे ठरवावे की नक्कल कशाची करायची आहे. दुकानदार "कॉपी मारायचे सॉफ्टवेअर द्या" म्हणून मागतो आणि विकणारा हातात पडेल ते देतो. वास्तविक कामे तीन आहेत आणि तिन्हींची हत्यारे वेगळी. पहिले काम फक्त हिसाबाच्या फाइलींची प्रत काढणे. दुसरे काम सीडी किंवा डीव्हीडी लिहिणे, अथवा असलेल्या डीव्हीडीची जशीच्या तशी दुसरी प्रत करणे. तिसरे काम अख्ख्या हार्ड डिस्कचे प्रतिबिंब घेणे, म्हणजे विंडोज, बिलाचे सॉफ्टवेअर, प्रिंटरची मांडणी, सगळे एकदम.

चादरीच्या मागावरून हे लवकर समजते. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर निघते. पूर्वी तिच्यासाठी पुठ्ठ्याची भोके पाडलेली कार्डे माळेसारखी ओवून मागावर चढवीत. ती कार्डे चौकटीच्या कागदावर काढलेल्या नक्षीवरून पाडली जात. कार्ड फाटले तरी तो कागद शाबूत असेल तर नवे पाडता येते. कागद गेला तर नक्षी गेली. आपला हिसाबाचा डेटा हा तो कागद आहे. विंडोज आणि इतर सामान म्हणजे माग. माग बाजारात पुन्हा मिळतो.

म्हणून पहिल्या कामाला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे आणि त्यासाठी बहुधा एक पैसाही खर्च करावा लागत नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअप आणि रिस्टोअर ही सोय आतच असते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबले की ती समोर येते. येथे दोन ठिकाणी माणूस फसतो. एक, प्रत कुठे ठेवायची याचा पत्ता आधीच भरलेला असतो आणि तो त्याच संगणकाचा असतो. तो बदलून पेन ड्राइव्हचा किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कचा करावा. एकाच तिजोरीत मूळ आणि नक्कल ठेवून काय उपयोग? दुसरे, रिस्टोअर करून पाहताना चालू डेटाच्या फोल्डरवरच ते करू नये, नाहीतर जुना हिसाब नव्याच्या छातीवर बसतो. वेगळा रिकामा फोल्डर करून त्यात उतरवावे. आणि ज्यांना फोल्डर सरळ उचलून प्रत करायची सवय आहे त्यांनी आधी सर्व संगणकांवर सॉफ्टवेअर बंद करावे. चालू नोंदीच्या मध्ये घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते.

आता डिस्क लिहिण्याचे काम. सीडीत सुमारे ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. आमच्यासारख्या दुकानाचा वर्षाचा हिसाब एका डीव्हीडीत आरामात बसतो. लोक विचारतात, पेन ड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कशाला? याचे उत्तर २७ जून २०१७ च्या घटनेत आहे. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीचे जाळे ज्या मुख्य संगणकांवर चालत होते त्यांच्या प्रती एकमेकांना जोडलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्या एकदम गेल्या. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशाचा, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती! लोडशेडिंगने कोणाचे भले केल्याचे आम्ही तरी दुसरे उदाहरण ऐकलेले नाही. सांगायचे ते असे की संगणकाला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह व्हायरससाठी संगणकाचाच भाग असतो. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी लिहून बंद केली की तिच्यावर व्हायरसलाही लिहिता येत नाही. इंटरनेटवर आपोआप जुळणाऱ्या जागेत प्रत ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडलेलीच पोहोचते.

साधी डिस्क लिहायला विंडोजमधील सोय पुरते. ती विचारते, डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? दुसरा पर्याय घ्यावा, ती डिस्क इतर संगणकांवर नीट वाचली जाते. यापेक्षा जास्त हवे असेल तर इमगबर्न हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, तरीही काम चोख. लिहून झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहण्याची खूण त्यात असते, ती काढू नये. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू द्यावा. मात्र ते कुठूनही उतरवून घेऊ नये. इंस्टॉल करताना नको ती जोडसॉफ्टवेअरे पुढे येतात, प्रत्येक पान वाचून नाही म्हणावे.

तिसरे काम अख्ख्या डिस्कचे. एकेकाळी यासाठी सगळीकडे नॉर्टन घोस्ट चाले. ते २०१३ मध्ये बंद झाले. त्यानंतर अनेकांनी मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती धरली. तीही २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. या दोन्हींवरून निवडीची मुख्य कसोटी हाती येते. आजची प्रत सहा वर्षांनी उघडायला तेच सॉफ्टवेअर लागणार असेल, तर ते तेव्हा मिळेल का? म्हणून हिसाबाच्या फाइलींची साधी प्रत नेहमी वेगळी ठेवावी आणि अख्ख्या डिस्कचे प्रतिबिंब फक्त सोयीसाठी समजावे.

आम्ही क्लोनझिला वापरतो. ते तैवानमध्ये तयार झाले, मोफत आहे, पेन ड्राइव्हवरून चालते. डिस्कचा भरलेला भागच तो उचलतो. प्रत उतरवायची डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा मोठी असावी लागते. पडदा मात्र रुक्ष, नुसती इंग्रजी अक्षरे. कुठली डिस्क मूळ आणि कुठली कोरी हे निवडताना चूक झाली तर भरलेल्या डिस्कवर कोरी उतरते आणि सर्व साफ होते. खिडक्या-चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ डिस्क बहुधा डावीकडे असते, आणि आमच्यासारख्यांची नजर लहानपणापासून उजवीकडून सुरू होते! ज्यांना हे धाडस वाटत नाही त्यांनी रेस्क्युझिला घ्यावे. ते क्लोनझिलाच्या प्रती वाचते आणि पडदा सोपा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आहे, त्यामुळे पुष्कळ दुकाने संगणक बदलीत आहेत. जुना भंगारात देण्याआधी त्याचे असे प्रतिबिंब अवश्य घ्यावे.

चोरीचे सॉफ्टवेअर शंभर रुपयांत मिळते, हे आम्हालाही ठाऊक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून असे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मोफत आणि कायदेशीर हत्यार हाताशी असताना ही जोखीम कशासाठी? उलट, आपण रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षेपुरती प्रत करायला त्याच कायद्याचे कलम ५२ परवानगी देते. नक्षीच्या सीडीचे तसे नाही. दुसऱ्याने काढलेली डिझाइन विकत घेतली म्हणून तिच्या प्रती शेजारच्या कारखान्याला विकण्याचा हक्क येत नाही. कुलूप लावलेल्या डिस्कचे कुलूप फोडून नक्कल करण्याविरुद्ध २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले आहे.

प्रत किती वर्षे ठेवावी? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२३-२४ चा हिसाब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. आणि संगणकावर हिसाब ठेवणाऱ्याने त्याचा बॅकअप ठेवलाच पाहिजे, तो नष्ट झाला तर वाजवी वेळात पुन्हा उभा करता आला पाहिजे, असे नियम ५७ सांगतो. डिस्क जळाली हे सांगून सुटका नाही.

आमची रीत अशी. रोज रात्री दुकान बंद करताना एका पेन ड्राइव्हवर बॅकअप, आणि तो काढून खिशात. दर शुक्रवारी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर, तो सोलापूरला मेहुण्यांच्या घरी जाऊन येतो. महिनाअखेर एक डीव्हीडी. तिच्यावर कागद चिकटवीत नाही, मऊ टोकाच्या मार्करने तारीख घालतो. ती उभी, डबीत, उन्हापासून दूर. आमच्या २००९ च्या काही सीडी खिडकीजवळच्या फळीवर होत्या, त्या आज कोणत्याही संगणकावर वाचल्या जात नाहीत. नवीन संगणकात डीव्हीडीची खाच नसते, म्हणून यूएसबीला लागणारा बाहेरचा रायटर घेतला आहे. डिस्क लिहिताना यूपीएस चालू असावा.

आणि दर तीन महिन्यांनी आम्ही मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर एक प्रत उतरवतो. फाइलचा आकार पाहतो, मग कोणत्याही एका गिऱ्हाइकाचे खाते उघडून त्याची बाकी चालू हिसाबाशी ताडतो. मागच्या वेळी आळंदच्या एका व्यापाऱ्याच्या खात्यात साडेचारशेचा फरक आला. प्रत बरोबर होती. त्या रात्रीनंतर जमा झालेली रक्कम मुलाने चुकून दुसऱ्याच्या नावावर लिहिली होती. ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली.