वाया जाणारे श्रम

चाकणच्या मोटार कारखान्यांत एक जपानी शब्द ऐकू येतो: ‘मुदा’, म्हणजे वाया जाणारे श्रम. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी त्याचे 7 प्रकार सांगितले. त्यांत गरजेआधीच माल करून ठेवणे, हा सर्वांत वाईट.

मोबाइलवरून गणित शिकवताना मी नेमके हेच केले. 40 पाठ आधीच मुद्रित करून ठेवले. मुले मात्र तिसऱ्यालाच अडली! बाप कामावरून परतल्यावर घरातला एकुलता फोन मुलाच्या हाती येतो. ती घटका फुकट का दवडावी?

कारखान्यात दोष दिसताच काम थांबवतात. तसेच आता एक पाठ, लगेच 3 उदाहरणे. चुकले तिथे थांबायचे आणि पुढचा पाठ त्यावरूनच बेतायचा. गुरुजी, करून पाहा. वाचलेला वेळ मात्र अडलेल्या मुलालाच द्या, बरे का!